साडूंनी भिंत फादरांना दाखवली

माझ्या साडूंबद्दल खरं तर आमच्या हिने लिहायला हवं होतं. पण ती म्हणते, "मला वेळ नाही, तुम्ही रिकामेच बसलेले असता." म्हणून मी बसलोय. मला लिहायची सवय नाही. मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

साडू रंगारी. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या खोल्या रंगवण्यात घालवलं. रंगाचा पहिला हात दिला की भिंत कधीच धड दिसत नाही, घरमालक तोंड वाकडं करतो. तेव्हा साडू ब्रश पुसत म्हणत, "दुसरा हात बसू द्या, मग बोला." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं की गल्लीत त्यांचं नावच 'दुसरा हात' पडलं. भाजी अळणी झाली तरी ते म्हणत, दुसऱ्या हाताला जमेल. आमच्या चर्चमध्ये नवे फादर आले, त्यांचं पहिलं प्रवचन लांबलं आणि अर्धे लोक पेंगले, तेव्हा बाहेर पडताना साडूंनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "फादर, मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या हाताला बसेल."

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. साडू फक्त आतून रंगवत. परांचीवर चढलं की त्यांचे डोळे फिरत, म्हणून बाहेरची भिंत त्यांनी जन्मात हातात घेतली नाही. "आतलं माझं, बाहेरचं देवाचं," असं ते म्हणत. भिंतीला दुसरी बाजू असते, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते त्यांच्या धंद्यात येत नव्हतं.

त्यांची बायको, म्हणजे हिची थोरली बहीण, वारली आणि साडूंनी दार लावून घेतलं. आमचं घर शेजारीच. ही डबा घेऊन गेली की साडू उंबऱ्यात उभे, एक हात चौकटीवर, जसा काही आत सगळीकडे ओला रंग आहे. "ये ना आत, धाकटे," म्हणत, पण चौकटीवरचा हात काढत नसत. डबा घेत, धुऊन परत देत. आत कोणाला पाऊल टाकू दिलं नाही. संध्याकाळी त्यांच्या मागच्या बोळातून बादली ओतल्याचा आवाज येई, तेव्हा आम्ही म्हणायचो, चला, आहेत, हातपाय धुताहेत.

आणि ते खोकत. निजायच्या खोलीत, पलंगामागच्या भिंतीवर, एक हिरवट चट्टा होता. साडू दर वर्षी तो खरवडत, लांबी भरत, रंगाचे दोन हात देत. वर्ष सरायच्या आत तो परत हजर. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती ज्याने सरळ केल्या, त्याच्याच उशाशी ही भिंत. साडू तिच्याबद्दल बोलत नसत. घरात वाया गेलेला पोरगा असला की बाप बोलत नाही, तसं.

मग लेकीचा फोन आला. त्यांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात असते. तिने फोनवर खोकला ऐकला आणि जाहीर केलं, "बाबा, त्या ओलसर घरात तुम्हाला मी आता ठेवणार नाही. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी येते आणि तुम्हाला घेऊन जाते. बॅग भरून ठेवा."

साडू आमच्याकडे आले. स्वतःहून आले, तेव्हाच आम्ही समजलो की पाणी डोक्यावरून गेलंय.

"साडूभाऊ, मी जाणार नाही," ते म्हणाले.

"मग तसं सांगा तिला."

"ती ऐकते का कोणाचं? आईवर गेलीय. एका फादरांचं तेवढं ऐकते. फादरांनी रात्र म्हटलं तर ती दिवा लावेल."

हिने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "मग चला गुरुवारी फादरांच्या व्याख्यानाला. नाहीतरी माणसं जमत नाहीत, तेवढीच तुमची एक खुर्ची भरेल."

फादर तरुण, जुन्या करारावर अभ्यास करून आलेले. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये ते बोलत. त्या आठवड्याचा विषय होता, प्राचीन इस्राएली लोकांचे शुद्धीचे नियम आणि आपण. मढ्याला हात लागला तर काय, अंगावर चट्टा उठला तर काय, मातीचं भांडं कसं फोडायचं आणि तांब्याचं कसं घासायचं. मी कबूल करतो, माझं लक्ष पंख्याकडे होतं. साडूही जांभई देत होते. मग फादर म्हणाले, "आणि गंमत म्हणजे हा रोग घरालाही व्हायचा. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उठायचे, पृष्ठभागापेक्षा खोल गेलेले."

साडूंची जांभई अर्ध्यात राहिली. ते उभे राहिले.

"मग?" त्यांनी विचारलं.

हॉलमध्ये प्रश्न विचारणारा पहिला माणूस मिळाल्यामुळे फादर खुलले. "मग घरमालकाने याजकाकडे जाऊन सांगायचं, की मला घरात चट्ट्यासारखं काहीतरी दिसतंय. याजक येऊन बघायचा. घर सात दिवस बंद. मग परत बघायचं. चट्टा वाढला तर तेवढे दगड काढून टाकायचे, भिंत खरवडायची, नवा गिलावा करायचा. आणि बरा झाला तर याजक जाहीर करायचा, की घर शुद्ध आहे."

"म्हणजे घर राहायला योग्य आहे, असं याजक सांगायचा?"

"हो."

"आणि लोक मानायचे?"

"मानायलाच लागायचं."

साडू खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड मी थोरलीच्या माघारी पहिल्यांदा पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि मला साक्षीला घेऊन फादरांच्या बंगलीवर गेले. फादर पाव खात होते. साडू दारात ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "फादर, मला घरात चट्ट्यासारखं काहीतरी दिसतंय."

फादर हसले. साडू हसले नाहीत. मग फादरही हसायचे थांबले.

"अहो, ते नियम आता आपल्याला लागू नाहीत," फादर म्हणाले. "तुम्ही गवंड्याला बोलवा."

"येशूने महारोग्याला बरं केल्यावर सांगितलं ना, की जाऊन याजकाला दाखव? गवंड्याला दाखव असं सांगितलं?"

फादरांनी पाव खाली ठेवला. ते माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे बघू लागलो. छत बरं होतं.

"ठीक आहे, येऊन बघतो," फादर म्हणाले.

"असं नाही. तुम्ही यायच्या आधी घर रिकामं करायला सांगायचं असतं. मी रात्री काढून वाचलंय."

"ते खरंय," फादर म्हणाले, आणि त्यांच्यातला शिक्षक जागा झाला, तिथेच सगळं बिघडलं. "आणि का, माहितेय? याजकाने बघून अशुद्ध म्हटलं, की आतलं सगळं सामान अशुद्ध ठरणार. गाद्या, मडकी, सगळं. म्हणून त्याने बघायच्या आधीच सामान बाहेर काढायचं. आधी गरिबाची भांडीकुंडी वाचवायची, मग निवाडा. किती माया आहे बघा त्या नियमात!"

"म्हणजे तुम्ही बघेपर्यंत काहीच अशुद्ध नाही?" मी न राहवून विचारलं.

"नाही."

"मग बघूच नका ना."

साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे काही दिवस मी गप्पच राहिलो.

शनिवारी घर रिकामं झालं. गल्लीतले चार लोक मदतीला आले. दारात सगळे घुटमळले, कारण साडूंचा हात सवयीने चौकटीवर गेला होता. मग त्यांनी हाताकडे पाहिलं आणि तो खिशात घातला. लोक आत गेले. पलंग, कपाट, टेबल, खुर्च्या, थोरलीचं शिवणाचं मशीन, आरसा, घड्याळ, असं सगळं गल्लीत आलं. हिने बहिणीचं कपाट ओळखलं, पदर डोळ्यांना लावला, आणि लगेच ओरडली, "अहो, पाय! कपाटाचा पाय मोडताय! आडवं धरा, आडवं!" तिचं रडं असं अर्ध्यात राहतं.

फादर आले. त्यांनी चट्टा पाहिला. कपाट आणि पलंग हटल्यावर तो भलताच मोठा निघाला. हिरवा, मधे काळपट, वर पिवळी कड. फादरांनी बोट लावलं.

"खोल आहे हो," ते म्हणाले.

"पृष्ठभागापेक्षा खोल," साडू अभिमानाने म्हणाले. "मी किती वेळा खरवडलाय. घर बंद करा, फादर."

"केलं समजा."

"समजा नाही. कुलूप लावा. किल्ली तुमच्याकडे."

फादरांनी कुलूप लावलं आणि किल्ली झग्याच्या खिशात टाकली. नंतर त्यांनी मला सांगितलं, की रात्री झोपायच्या आधी ते स्वतःलाच विचारत होते, मी नक्की काय केलं.

आता साडू रात्री आमच्याकडे निजत आणि दिवसभर गल्लीत आपल्या सामानात बसत. रंगकामाची जुनी चादर त्यांनी दोन खांबांना बांधली होती, ऊन लागू नये म्हणून. चहाचे कप आणि जेवणाची ताटं ही आमच्या खिडकीतून देई. भिंती नसलेल्या त्या दिवाणखान्याचं दृश्य बघायला आधी मुलं आली, मग त्यांना शोधत बायका आल्या. बायका शिवणाच्या मशीनवर उसवलेलं शिवून घेऊ लागल्या. पोस्टमन सोफ्यावर बसून पाणी पिऊ लागला. एक गृहस्थ तर आरशासमोर उभे राहून रोज भांग पाडून कामावर जात. ज्या घराने कोणाला उंबरा ओलांडू दिला नव्हता, त्याला आता उंबराच नव्हता.

साडू आधी अवघडले. मग यजमान झाले. "बसा, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय लटका आहे. ही घ्या."

फादर रोज संध्याकाळी येत. त्यांच्या गुरुवारच्या हॉलमध्ये कधी जमली नाहीत एवढी माणसं इथे आयती जमलेली असत, खुर्च्यांसकट. आमची ही तयारच असे.

"फादर, एक सांगा. बाई बाळंत झाली की ती अशुद्ध, असं लिहिलंय ना तुमच्या त्या नियमात? मी पोरं जन्माला घातली, म्हणजे मी काय घाण केली?"

"मावशी, अशुद्ध म्हणजे घाणेरडं नव्हे. आणि पाप तर नव्हेच. मढ्याला खांदा देणं पुण्याचं काम, पण तोही माणूस अशुद्ध. जन्म, मरण, रक्त, रोग... जिथून जीव येतो-जातो, तिथे हात लागला की माणसाने थोडं थांबायचं. मग पाण्यातून जायचं आणि परत आपल्या लोकांत यायचं. सगळे नियम परत येण्यासाठी होते."

"परतच आणायचं होतं, तर बाहेर काढलं कशाला?"

फादरांनी डोकं खाजवलं. "ते मलाही सगळं कळलेलं नाही. पण पवित्र मरिया स्वतः गेली होती ना मंदिरात, बाळंतपणानंतर, दोन पारवे घेऊन?"

"तिला काय गरज होती?"

"काहीच नव्हती. तरी गेली. आपल्यासारख्यांच्या रांगेत उभी राहिली."

हे हिला पटलं असावं, कारण तिने फादरांना दुसरा चहा दिला. न पटल्यावर ती कप उचलून नेते.

"आणि येशू तर उलटंच करायचा," फादर म्हणाले. "महारोग्याला हात लावायचा. रोग्याची अशुद्धी त्याला लागायची नाही, त्याचीच शुद्धी रोग्याला लागायची. चर्चच्या दारात आपण पवित्र पाण्यात बोटं बुडवतो, मिस्सेत मी बोटं धुतो, ते सगळं तिथूनच आलंय. पण आता पाणी हे घाणीची भीती म्हणून नाही. बाप्तिस्म्याची आठवण म्हणून आहे."

साडूंनी हवेतच ब्रश फिरवल्यासारखा हात केला. "म्हणजे उलटा डाग," ते म्हणाले. "काळ्या भिंतीवर पांढरा डाग पडला, आणि तोच पसरत गेला."

"हे मी प्रवचनात वापरू का?" फादरांनी विचारलं.

"वापरा. पण एका हातात बसणार नाही."

सातव्या दिवशी, शनिवारी, अख्खी गल्ली दाराशी जमली. फादरांनी कुलूप उघडलं. साडू आत गेले आणि आतून काहीच आवाज येईना. मग मी गेलो. चट्टा फिका पडला होता! हिरवा रंग उडाला होता, काळपट भाग पांढुरका झाला होता, आणि बोट लावलं तर भुकटी पडत होती. फादरांनी तीनतीनदा हात लावून पाहिला. ते घाबरलेले दिसले. त्यांनी त्या नियमांवर अभ्यास केला होता, पण ते खरंच लागू पडतील असं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"म्हणा," साडू म्हणाले.

"काय म्हणू?"

"घर शुद्ध आहे म्हणा. उद्या लेक येतेय."

"मी घराला आशीर्वाद देतो, पवित्र पाणी शिंपडतो. आपल्या रिवाजात तेवढं आहे."

"आणि दोन पक्षी? एक मारायचा, एक सोडायचा. गंधसरूचं लाकूड, लाल सूत आणि एजोब."

"मारायचा नाही," फादर ठामपणे म्हणाले, आणि एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदाच ठाम झाले. "बळी एकदाच दिला गेला, क्रुसावर, सगळ्यांसाठी. तेव्हापासून पक्ष्यांना सुट्टी आहे."

"बरं. मग सोडायचा तेवढा आणू. धाकटे, तुझी कोंबडी दे."

"कोंबडीला काय शुद्धी येते, भाऊजी?"

"पंख आहेत ना?"

गंधसरूच्या जागी माझी पेन्सिल घेतली. फादर म्हणाले, जुन्या पेन्सिली जवळपास तसल्याच लाकडाच्या करत. लाल सूत थोरलीच्या शिवणाच्या डब्यात मिळालं. अडलं ते एजोबाशी. एजोब म्हणजे काय, कोणालाच माहीत नव्हतं.

"नक्की सांगता येत नाही," फादर म्हणाले. "पण बरेच जाणकार म्हणतात, आपल्या मरव्याच्या जातीची वनस्पती असावी."

साडूंचा चेहराच बदलला. "मरवा? मरवा आहे की! हिच्या ताईने लावलेला. मागे." आणि ते स्वयंपाकघरातून मागच्या बोळात गेले, मरव्याच्या दोन काड्या घेऊन परत आले. काड्या सुकत चालल्या होत्या. साडूंचं तोंडही. "आठ दिवस पाणी नाही मिळालं बिचाऱ्याला," ते पुटपुटले.

मरवा लाल सुताने पेन्सिलीला बांधला. फादरांनी तो पवित्र पाण्यात बुडवून भिंतीवर, पलंगाच्या जागेवर, आमच्यावर शिंपडला. साऱ्या खोलीत मरव्याचा वास पसरला. ही एकदम म्हणाली, "ताईच्या केसांना असा वास यायचा." अशा वेळी मला कुठे बघावं कळत नाही. मी पेन्सिलीकडे बघत होतो.

मग गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या मैदानात जाऊन साडूंनी कोंबडी वर उडवली. ती खाली आली. परत उडवली. परत खाली आली, आणि साडूंकडे रागाने बघून झुडपात गेली. "गेली मोकळ्या रानात," साडू समाधानाने म्हणाले. "माझी अंडी गेली," ही म्हणाली.

सामान आत गेलं. संध्याकाळी मागच्या बोळातून बादलीचा आवाज आला. मग आणखी एक बादली. मग आणखी. ही म्हणाली, "किती हातपाय धुताहेत आज!" मी म्हटलं, "आठ दिवसांचे राहिलेत."

रविवारी मिस्सा संपल्यावर लेक आली. बॅग हातात, चेहरा आईचा. साडूंनी तिला दारातच सांगितलं, "फादरांनी घर शुद्ध ठरवलंय. विचार त्यांना." फादर मागोमाग होतेच, त्यांना साडूंनी वेदीवरूनच ओढून आणलं होतं म्हटलं तरी चालेल. लेकीने फादरांना नमस्कार केला, निजायच्या खोलीत गेली, आणि म्हणाली, "बाबा, हे काय?"

चट्टा परत आला होता. आणि नुसता आला नव्हता, वाढून आला होता. वरून एक थेंब ओघळत होता.

फादरांनी डोळे मिटले. साडू पलंगाच्या कडेवर बसले.

"काही नाही बाबा," लेक हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही चला माझ्याबरोबर. फादर, तुम्हीच सांगा. काय आहे तुमच्या नियमात, परत आल्यावर?"

फादर झग्याची बटणं चाचपू लागले.

"सांगा ना."

"बरा झाल्यावर परत उठला," फादर कसंबसं म्हणाले, "तर घर पाडायचं. पण ते आपल्याला..."

साडू उठले. कोपऱ्यात त्यांचा जुना गिलावा पाडायचा हातोडा होता, तो त्यांनी उचलला. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "चांगला निकाल लागला तर मानायचा आणि वाईट लागला तर नाही, असं मी करणार नाही."

"बाबा, हातोडा ठेवा!"

"भाऊजी, ही भिंत आमच्याही घराची आहे!" ही ओरडली. ते खरं नव्हतं, पण त्या वेळी तिला दुसरं काही सुचलं नाही.

आणि तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून आवाज आला, कॉक् कॉक् कॉक्.

सगळे थबकले. भिंत कॉक् कॉक् करत होती. फादरांनी क्रुसाची खूण केली.

"माझी कोंबडी!" ही म्हणाली आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराने धावली. तिच्यामागे लेक, लेकीमागे आम्ही. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या बोळात गेलो. घराच्या भिंतीला चिकटून विटांचा एक वाफा बांधलेला, मातीने भरलेला, मरव्याने गच्च. माती लिबलिबीत झाली होती, भिंतीची वीट कंबरेपर्यंत काळी पडली होती, आणि मैदानातून केव्हाच परत आलेली कोंबडी वाफ्याच्या कडेला उभी राहून साचलेलं पाणी पीत होती.

हिने वाफ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "ही भिंत कुठली?"

"बोळातली," साडू म्हणाले.

"पलीकडे काय आहे हिच्या?"

साडूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्यांनी हात लांब करून अंदाज घेतला, स्वयंपाकघर इकडे, दार तिकडे, म्हणजे पलंग नेमका इथे, आणि तसंच तोंड उघडं ठेवून उभे राहिले.

"भाऊजी, रोज किती पाणी घालता याला?"

"एक बादली. तुझ्या ताईने सांगितलं होतं, जाताना. मरव्याला पाणी घालत जा." मग बोटं मोजून ते म्हणाले, "काल सात-आठ घातल्या. राहिलेल्या."

फादर आधी खोकले, मग त्यांना हसू आवरेना, आणि ते भिंतीला टेकले. झगा ओला झाला. लेक मात्र हसत नव्हती. ती बापाकडे बघत होती.

"वाफा मोडावा लागेल, बाबा."

"मग घरच पाड," साडू म्हणाले, आणि ते थट्टा करत नव्हते. "वाफा नाही मोडायचा."

"आईला तो इथे नकोच होता."

"कोण म्हणतं?"

"मी होते ना इथे तेव्हा. आईला पुढे लावायचा होता, गल्लीत, दाराशी. तुम्हीच म्हणालात, लोक तोडून नेतील. ती म्हणाली, नेऊ देत की, मरवा त्याच्यासाठीच असतो. पण तुम्ही विटा आणून इकडे बांधलात."

साडू वाफ्याच्या कडेवर बसले. कोंबडी बाजूला सरकली. बराच वेळ ते मरव्याच्या पानांवरून हात फिरवत होते.

"एका हातात उचलता येणार नाही," ते शेवटी म्हणाले. "मुळासकट काढावा लागेल. फावडं आण."

त्याच दुपारी मरवा गल्लीत आला. जुन्या रंगाचे मोठे डबे होते, त्यांत बसवला, दाराच्या दोन्ही बाजूंना. सुट्टी असूनही आलेल्या पोस्टमनने पहिली काडी तोडली, साडूंच्या देखत. साडूंनी दात आवळले, पण बसा म्हणाले.

राहिला प्रश्न जाण्याचा. लेक बॅग भरायला लागली तेव्हा साडू म्हणाले, "भिंत इतकी भिजलीय, तर तिला वारा हवा. दारं-खिडक्या उघड्या ठेवायला घरात माणूस नको?"

लेकीने फादरांकडे पाहिलं. फादर म्हणाले, "ते मात्र खरंय."

"ठीक आहे," लेक म्हणाली. "पण निजायचं पुढच्या खोलीत. आणि भिंत वाळेपर्यंतच. फादर दर महिन्याला येऊन बघतील. ज्या दिवशी फादर म्हणतील की भिंत कोरडी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी न्यायला येते. फादर, शब्द द्या, खरं तेच सांगाल."

फादरांनी शब्द दिला.

याला आता बरेच महिने झाले. साडूंचा खोकला गेला. दार सकाळपासून उघडं असतं, आणि वाऱ्याबरोबर माणसंही आत-बाहेर करतात. शिवणाचं मशीन आत गेलंच नाही. दाराशी, आतल्या बाजूला, साडूंनी पवित्र पाण्याची एक वाटी भिंतीवर बसवलीय, चर्चमध्ये असते तशी, आणि लेकीला फोनवर तिचं कौतुकही सांगितलंय.

महिना झाला की फादर येतात. शब्दाचे पक्के. आत येताना वाटीत चार बोटं बुडवतात, अगदी मुळापर्यंत, क्रुसाची खूण करतात, मग सरळ निजायच्या खोलीत जाऊन तीच बोटं भिंतीवर टेकवतात. डोळे मिटून थोडा वेळ उभे राहतात.

"अजून थोडी ओल लागते हो हाताला," ते म्हणतात.

साडू मान हलवतात. "जुनी भिंत आहे. वेळ घेणार."

परवा लेकीचा फोन साडूंच्या वतीने मी घेतला. ते मरव्याला पाणी घालत होते. वाटीने, बादलीने नाही. मी तिला सांगितलं, भिंत अजून ओली आहे म्हणतात फादर.

मग म्हणाली, "काका, फादर बोटं बुडवून आत जातात ना?"

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "हो, ते तर कॅथलिक माणसाने करायलाच हवं."

"करू देत," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, वाटीतलं पाणी संपू देऊ नका."